बिनगेरच्या गाडीचं तेल

मी भांडखोर बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते मी भांडले नाही म्हणून झालं. माहेरी आई म्हणायची, हिच्या तोंडाला लगाम नाही. सासरी आले तर सासूबाईंनी पहिल्या आठवड्यातच तेच सांगितलं. मी शिकवते त्या शाळेतले मुख्याध्यापक माझ्याशी बोलायच्या आधी दार कुठे आहे ते बघून ठेवतात. आणि नवऱ्याशी तर मी हळद उतरायच्या आत भांडायला लागले होते. आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात. मीही म्हणते, पण माझ्या तोंडून तो शब्द निघाला की ऐकणाऱ्याला हसू यायचं.

मालक ट्रॅक्टर चालवायचे. हंगामात दोन ट्रॉल्या जोडून कारखान्यावर ऊस न्यायचा, बाकीचे दिवस कुणाची नांगरट, कुणाची माती, कुणाची खडी. घरी आले की आमचं सुरू. भाजीतलं मीठ, चपलांची जागा, माझ्या भावाचं लग्न, कुठलाही विषय चालायचा. शेजारीण म्हणायची, आमच्या घरात टीव्ही नसला तरी आमाला करमतं.

मग एका हंगामात दोन ट्रॉल्यांच्या मधल्या हुकात खिट्टी बसवताना मागची ट्रॉली उतारावरून सरकली आणि मालकांचा डावा पाय मध्ये सापडला. गुडघ्याच्या वरून कापावा लागला. ट्रॅक्टरवाल्याचा डावा पाय म्हणजे क्लच. तो गेला म्हणजे नुसतं चालणं गेलं असं नाही, सगळंच गेलं. बनवून मिळालेला लाकडासारखा पाय त्यांना काचायचा, तो खिळ्याला टांगलेला असायचा. मालक दारातल्या बाजेवर बसून राहायचे. येणारा जाणारा थांबायचा, च् च् करायचा आणि जाताना हळूच म्हणायचा, "बिचारा."

मला तो शब्द ऐकला की अंगाची लाही व्हायची. पण खरं सांगायचं तर त्याच दिवसांत मीही भांडणं सोडून दिलं. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी काही म्हटलं की मी "हो" म्हणायची. चहा गार झाला म्हणाले की गरम करून आणायची. एकदा ते म्हणाले, "म्या आता भिताडाला टेकवून ठिवलेलं पोतं हाय." आधीची मी असते तर म्हणाले असते, पोतं निदान गप तरी बसतं. त्या वेळी मात्र मी तोंडात मिठाची गुळणी धरली, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी फवारणीच्या औषधाचा डबा शेजारणीच्या घरी ठेवून आले.

अशी दोन वर्षं गेल्यावर माझ्या भावाने ती गाडी आणली. तो पुण्यात एका साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. त्या साहेबांची जुनी गाडी विकायला निघाली, ती आपोआप गिअर बदलणारी होती. क्लच नाहीच. खाली दोनच पायडल, दोन्ही उजव्या पायाची. मालकांनी आधी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग भाऊ त्यांना माळावर घेऊन गेला, आणि तासाभराने गाडी परत आली तेव्हा भाऊ शेजारच्या सीटवर बसलेला होता. मालकांच्या कपाळावर घाम होता. ते म्हणाले, "हिला काय चालवायचं, ही आपल्यालाच चालवती." त्यावर ते स्वतःच हसले. मी आत जाऊन रडले.

गावात तिचं नाव पडलं बिनगेरची गाडी. आमच्याकडे गिअरला गेर म्हणतात, आणि जिचा दांडा सारखा हलवावा लागत नाही तिला गेरच नाही असा साधा हिशोब. त्या गाडीने मालकांना उभं केलं. मला शाळेत सोडायचं, आणायचं. कुणाची बाळंतीण धारूरला दवाखान्यात न्यायची, कुणाच्या म्हाताऱ्याचे डोळे दाखवायला बीडला जायचं. ते रोज दाढी करायला लागले. फवारणीचा डबा मी परत आणला. आमच्या घरात सगळं त्या गाडीवर उभं होतं, ती चालली तर माणूस चालणार होता.

आता चूक कशी झाली ते ऐका. मालकांसारखा माणूस, ज्याने ट्रॅक्टरचं तेल कधी आठवडाभर पुढे ढकललं नाही, त्याने या गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल चार वर्षांत एकदाही बदललं नाही. इंजिनाचं बदललं, ब्रेकचं बघितलं, पाणी रोज बघितलं. पण बिनगेरच्या गाडीला गेरचं तेल कशाला? हा प्रश्नच कुणाला पडला नाही. धारूरच्या मेस्त्रीलाही नाही. एका शब्दाने सगळ्या गावाचे डोळे बांधले होते, आणि त्यात मीही आले, जी रोज पोरांना शब्दांचे अर्थ शिकवते.

पाचव्या वर्षी गाडी झटके द्यायला लागली. दांडा पुढे जायच्या खुणेवर ओढला की क्षणभर काहीच व्हायचं नाही, मग धक्का बसायचा. भावाला फोन केला तर तो ओरडला, "दाजी, आवो तिच्यात गेरबॉक्स हाय! तेलबी हाय, आन आत फिल्टरबी हाय!" मालकांचं तोंड उतरलं. मग तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "आपणच बदलू. घरी. म्या सांगतो, तू कर."

ते गाडीखाली सरपटू शकत नव्हते, म्हणून मी. बीडच्या दुकानातून लाल तेलाचा पाच लिटरचा डबा, फिल्टर आणि रबरी पॅकिंग मागवलं. रविवारी सकाळी मी मालकांची जुनी पँट आणि शर्ट घातला, केसांना फडकं बांधलं. गाडीचं तोंड जॅकने उचलून खाली बाभळीचे ओंडके लावले, मागच्या चाकांना दगड. मालक चाकाशेजारी पोत्यावर बसले, पाने-पकड समोर मांडून. शेजारीण कुंपणावरून बघून म्हणाली, "आवो बाई, उद्या पोरं काय शिकायची तुमच्याकडं?" मी म्हटलं, "नटबोल्ट." कितीतरी दिवसांनी मला उलट उत्तर सुचलं होतं.

खरं सांगते, मला ती सकाळ फार आवडली. मी खाली पाठीवर, वर लोखंडाचा अंधार, आणि बाजूने त्यांचा आवाज. "दहाचा पाना घे. समोरासमोरचे बोल्ट ढिले कर. एका बाजूनं सोडलं तर चेंबर वाकडा व्हईल. समदे काढू नकोस, कोपऱ्यातले दोन ठिव." पाना माझ्या हातात द्यायला ते वाकायचे तेव्हा त्यांची बोटं दिसायची, एवढंच. मी चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाची थाळी, हळूहळू खाली केली आणि काळं तेल घमेल्यात पडायला लागलं. त्याला करपलेल्या पिठल्यासारखा वास येत होता. माझ्या बाहीतून ओघळ थेट काखेपर्यंत गेला. तेवढ्यात माझं कोपर लागलं, घमेलं कलंडलं आणि निम्मं तेल अंगणातल्या मातीत गेलं. मी "अगं आई" म्हणून ओरडले, मालक खो खो हसले. किती तेल निघालं, म्हणजे परत किती भरायचं, ते आता कुणालाच कळणार नव्हतं. त्या वेळी ते आमच्या ध्यानात आलं नाही.

चेंबरच्या तळाला एक लोहचुंबक होतं, त्यावर लोखंडाचा बारीक राखाडी चिखल साचलेला. मालकांनी तो बोटावर घेऊन उन्हात धरला. "चार वर्सांचं पाप," ते म्हणाले. त्यांनी चेंबर पेट्रोलने धुतला, मी जुना फिल्टर ओढून काढला, नवा बसवला, पॅकिंग लावलं आणि बोल्ट त्यांनी सांगितल्या क्रमाने आवळले. मग गाडी खाली घेतली. मालक कुबडीवर उभे राहिले आणि तेल मोजायच्या पट्टीच्या नळीत नरसाळं लावून त्यांनी स्वतः तेल भरलं. कुंकवाच्या पाण्यासारखं लालभडक. थोडं भरायचं, थांबायचं, पट्टी काढून पुसायची, परत घालून बघायची.

इथे मला सगळं थांबवायला हवं होतं.

कारण मला माहीत होतं. आठवडाभर शाळेतल्या मधल्या सुट्टीत मी मोबाईलवर या कामाचे व्हिडिओ बघत होते. त्यात एक हिंदी बोलणारा माणूस होता, त्याने एक गोष्ट तीनदा सांगितली होती. या गाडीचं तेल इंजिन चालू ठेवून, गरम झाल्यावर, दांडा सगळ्या खुणांवरून फिरवून मग मोजायचं. बंद इंजिनवर मोजलं तर पट्टी खोटं बोलते. ट्रॅक्टरचं मात्र उलट. ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करायचा, बंद करायचा, तेल खाली उतरू द्यायचं आणि मग पट्टी काढायची. पंचवीस वर्षं ती सवय मालकांच्या हातात बसलेली होती. आणि ते तसंच करत होते, बंद गाडीची पट्टी उन्हात धरून.

डब्यात अजून बरंच तेल शिल्लक होतं. मालकांनी पट्टी माझ्यासमोर धरली. तेल बरोबर वरच्या खुणेवर आलेलं. त्यांचा चेहरा मी पाय जायच्या आधी शेवटचा तसा बघितला होता. हाताला काळं, नाकावर काळं, आणि डोळ्यांत ती जुनी घमेंड, जिच्याशी मी पंधरा वर्षं भांडले.

"बघ. बरोबर हाय का?"

मी तोंड उघडलं. आधीची मी असते तर हातातून पट्टी हिसकावून घेतली असती, म्हणाले असते की हा काय तुमचा ट्रॅक्टर आहे का, चालू करा आधी. मोठं भांडण झालं असतं. ते चिडले असते, कुबडी आपटली असती, तासभर अबोला धरला असता आणि मग गुपचूप गाडी चालू करून मोजलं असतं. आमच्या घरात सगळी शहाणपणाची कामं अशीच व्हायची. पण मला वाटलं, आज नको. पाय गेल्यापासून आज या माणसाने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने काहीतरी पुरं केलंय. आज त्याला चुकला म्हणायचं नाही.

"बरोबर हाय," मी म्हटलं.

उरलेला डबा मालकांनी झाकण घट्ट लावून फडताळात ठेवला. म्हणाले, पुढच्या बारीला व्हईल.

तीन आठवडे गाडी चालली. झटके कमी झाले होते, पण सकाळी निघताना एक बारीक कण्हणं ऐकू यायचं. चढ आला की इंजिन मोठ्याने ओरडायचं आणि चाकं मागून यायची. मालक म्हणायचे, नवीन तेल हाय, बसंल. मी मान हलवायची. ते झोपले असताना दुपारी मी दोनदा फडताळापर्यंत गेले. डबा हातात घेतला. मनात म्हटलं, गुपचूप ओतून टाकावं लिटरभर. पण गाडी चालू केल्याशिवाय मोजता येणार नाही, आणि चालू केली की ते उठणार आणि विचारणार, काय करतीस? ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, म्हणून ते जमलंही नाही. मी डबा परत ठेवला. स्वतःला सांगितलं की व्हिडिओवाल्याला काय कळतंय.

मग आम्ही बीडला गेलो. मालकांच्या नव्या पायाचं माप द्यायचं होतं. चार वर्षं मी मागे लागले होते, ते नाही म्हणायचे, आणि आता आपणहून तयार झाले होते. माप घेणाऱ्याने विचारलं, काय करता? मालक म्हणाले, "गाडीवर असतो." बिचारेपणाचा मागमूस नव्हता आवाजात. मला वाटलं, मी गप्प राहिले ते चांगलंच केलं.

परत येताना वडवणी, तेलगाव करत दुपारी धारूरच्या घाटाला लागलो. हंगामाचे दिवस, उसाच्या ट्रॉल्यांची ये-जा. मधल्या वळणावर इंजिन एकदम किंचाळलं आणि गाडी जागेवरच थांबली. मालकांनी पाय दाबला तसा आवाज वाढला, पण गाडी पुढे जाईना, उलट मागे सरकायला लागली. करपलेला वास आत आला. मालकांचा उरलेला एकच पाय, तो ब्रेकवर रोवलेला. "उतर. दगड लाव," ते म्हणाले. मी उडी मारून उतरले, कठड्याचा एक निखळलेला दगड ओढत आणला आणि मागच्या चाकाला लावला. माझ्या मागे एक ट्रॅक्टर दोन रिकाम्या ट्रॉल्या घेऊन हॉर्न वाजवत उभा होता.

त्याचा ड्रायव्हर उतरला, बघितलं आणि ओशाळला. मालकांच्या हाताखाली शिकलेला गडी. "वस्ताद? तुमी आत बसा. म्या साखळी लावतो."

त्याने ट्रॅक्टर आमच्या पुढे काढला आणि मागच्या ट्रॉलीच्या हुकात साखळी अडकवून आमची गाडी बांधली. घाट संपून गाव येईपर्यंत मालकांच्या नजरेसमोर तो हूक होता. ते स्टिअरिंग धरून सरळ बघत राहिले. मी एकदा म्हटलं, डोळे मिटून घ्या थोडे. म्हणाले, "मिटून गाडी कशी वळवू?"

दोन दिवसांनी बीडचा एक मेस्त्री आला, अशा गाड्या माहीत असलेला. इंजिन चालू ठेवून त्याने पट्टी ओढली. कोरडी. पुसून परत घातली, परत कोरडी.

"तेल भरलं कुनी?"

"म्या," मालक म्हणाले.

"मोजलं कसं?"

"कसं म्हंजे? गाडी बंद करून."

मेस्त्रीने पट्टी परत जागेवर घातली. बिचारा भला माणूस होता. "वस्ताद, हिचं चालूवर मोजायचं असतं. बंद केली की आतलं तेल खाली उतरतं, मग पट्टी भरल्यावानी दिसती. लिटरभर तरी कमी हाय. घाटात तेल मागं गेलं, हवा वढली, आन आतल्या प्लेटा जळाल्या." मग त्याने सांगितलं की आता सगळा गिअरबॉक्सच बदलायला हवा, आणि इतक्या जुन्या गाडीचा तो कुठे घावायचा नाही.

तो गेल्यावर मालक बाजेवर बसले. मी चहा ठेवायला आत वळले तर त्यांनी हाक मारली.

"तू मोबाईलवर बघत व्हतीस. त्यात हे सांगितलं व्हतं का?"

मला नाही म्हणता आलं असतं. त्यांना कधीच कळलं नसतं. पण एवढं झाल्यावर परत खोटं बोलायची माझ्यात ताकद नव्हती.

"सांगितलं व्हतं."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"तुमाला वाईट वाटलं असतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. राग असता तर मी त्यांचे पाय, म्हणजे तो एक पाय, धरला असता.

"समद्या गावानं मला बिचारा म्हणलं," ते म्हणाले. "तू एकदाबी म्हणली न्हाईस. म्या म्हणायचो, घरात एक माणूस हाय जे मला आजूनबी माणूस समजतं. पर तू तर समद्यांच्या आधीपासून म्हणत व्हतीस. मनातल्या मनात."

मी म्हटलं, असं नाही. पण ते तसंच होतं, आणि आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

गाडी भंगारात गेली. ती नेणारे आले तेव्हा मालक आत भिंतीकडे तोंड करून पडले होते. बीडहून दोनदा फोन आला की पाय तयार आहे, घेऊन जा. ते म्हणाले, राहू दे तिथंच. फवारणीचा डबा पुन्हा शेजारणीकडे गेला आहे, आणि या वेळी तिनेही काही विचारलं नाही.

आता मी भांडते. उशीर झाला हे मला कळतं, तरी भांडते. भाजी खारट करून वाढते आणि वाट बघते. त्यांच्या चपलेवरून बोलते, त्यांच्या बहिणीवरून बोलते. परवा मी मुद्दाम म्हणाले की पंचवीस वर्षं ट्रॅक्टर चालवून तुम्हाला साधं तेल मोजता आलं नाही. शेजारीण कुंपणाशी थबकली. मालकांनी घास चावून गिळला, पाणी प्यायले.

"तू म्हणतीस तसं," ते म्हणाले, आणि ताट सारून हात धुवायला कुबडी शोधू लागले.